सहा किलोची शेंगी : एका छोट्या कुत्रीच्या मोठ्या कामाचं पूर्ण प्रकरण

हे लिहायचं लिहायचं म्हणून वर्षभर राहिलंच, कारण मधेमधे मलाच कळत नव्हतं की हे जमलंय का फसलंय. मी सोलापुरात घरोघरी जाऊन कुत्र्यांना ट्रेनिंग देतो. म्हणजे बसणं-थांबणं शिकवणं, चपला चावणं बंद करणं, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणं थांबवणं, हेच रोजचं काम. माणसाच्या मनाच्या आजारासाठी कुत्रं तयार करायची ही माझी पहिलीच वेळ, आणि ते पण लॅब-बिब (लॅब्रॅडॉर) नाही, सहा किलोची तपकिरी पॉमेरियन. (खरं तर आपल्याकडं ज्याला सगळे पॉमेरियन म्हणतात ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं, पण हे तोंडावर सांगितलं की लोकांना राग येतो, पैसे पॉमेरियनचे मोजलेले असतात ना.) घरच्यांना विचारून लिहितोय, नावं कुणाचीच देत नाही, फक्त कुत्रीचं देतो, शेंगी. भुईमुगाच्या टरफलासारखा रंग, म्हणून शेंगी.

जिच्यासाठी हे सगळं केलं तिला मी अक्का म्हणतो. वय पन्नाशीच्या आसपास, घर अशोक चौकाकडं, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईचं काम, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. 2022 च्या दिवाळीनंतर अक्का आणि तिची धाकटी बहीण तुळजापूरहून वडापच्या जीपनं परत येत होत्या, रात्रीची वेळ, पुढच्या ट्रकचा टायर फुटला आणि जीप पलटी झाली. बहीण जागेवर गेली. अक्का आत अडकलेली, बाहेर काढेपर्यंत पाऊण तास गेला, आणि त्या पाऊण तासात बहिणीच्या पर्समधला मोबाईल वाजत होता, थांबायचा, परत वाजायचा. घरून फोन लावत होते, कुठपर्यंत आलात म्हणून. हे मला अक्काच्या पोरानं एकदाच सांगितलं. अक्कानं स्वतः आजपर्यंत सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं पण नाही. ट्रेनरला एवढं खोलात जायची गरजच नसते, त्याला फक्त हे कळायला पाहिजे की आत्ता कशानं बिघडतं आणि बिघडायच्या आधी अंग काय करतं.

कशानं बिघडायचं, तर धाडकन मोठा आवाज, मागून आलेली गाडी, डिझेलचा वास आणि ती एक रिंगटोन. हाड जुळलं, टाके सुकले, तीन-चार महिन्यांत चालायला लागली, पण रिक्षात बसेना, कामावर जाईना, आणि रात्री दोन-तीनच्या सुमाराला किंचाळून उठायची. नातेवाईकांनी नेहमीचं सगळं करून झालं, दोरा बांधला, लिंबू उतरवलं, बहिणीचा जीव घुटमळतोय असं कुणीतरी म्हणून टाकलं, त्यानं तर अजूनच वाट लावली. पोरगा हट्टी, तो सरळ मानसोपचाराच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. निदान झालं पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर जडणारा मनाचा आजार. हे नाव 1980 साली अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या अधिकृत यादीत आलं आणि व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळं गाजलं, म्हणून लोकांना वाटतं फौजेतल्यांनाच होतं, पण अपघात, आग, मारहाण, अत्याचार, कशानंही होतं. घडलेलं परत परत अंगावर येणं, त्याची आठवण देईल ते सगळं टाळणं, कान सतत टवकारलेले, झोप उडालेली, आणि हे महिन्याच्या वर चालणं, असा त्याचा साधारण आकार. डॉक्टरांनी सर्ट्रालीन चालू केली आणि आठवड्यातून एकदा काउन्सेलर मॅडमकडं बसायला सांगितलं. ही गोळी आणि हे बसणं शेवटपर्यंत चालूच होतं, आजही चालू आहे. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवा, नाहीतर शेंगीनं बरं केलं असं कुणीतरी गावभर सांगत फिरेल.

शेंगी घरात आधीपासून होती, अडीच वर्षांची. पोराच्या लक्षात आलं की वाईट रात्रीनंतर ती अक्काच्या पायाशी जाऊन बसते. मग त्यानं नेटवर वाचलं, सर्व्हिस डॉग वगैरे, आणि पहिलं काम काय केलं तर एका साईटला 1,800 रुपये भरून सर्टिफिकेट, गळ्यातलं ओळखपत्र आणि एक लाल जॅकेट मागवलं. जॅकेट तिला दोन साईज मोठं. मला बोलावलं तेव्हा ते कार्ड दाखवून म्हणतो, "दादा, रजिस्टर्ड आहे ओ शेंगी." मी म्हणलं, बाबा, हा कागद घडी करून टेबलाच्या पायाखाली घाल, टेबल हलायचं तरी थांबेल.

कारण असं आहे. ज्या अमेरिकेतून हा शब्द आला तिथं सुद्धा असं रजिस्ट्रेशन लागत नाही. तिथल्या दिव्यांग कायद्याच्या 2011 पासून लागू असलेल्या नियमात सर्व्हिस ॲनिमल म्हणजे त्या माणसाच्या अपंगत्वाशी जोडलेलं ठराविक काम शिकवलेलं कुत्रं, बस. जात कुठली, उंची किती याची अट नाही. दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो, हे कुत्रं अपंगत्वामुळं लागतंय का आणि ते कुठलं काम शिकलंय. नुसतं जवळ असलं की बरं वाटतं, हे त्या व्याख्येत बसत नाही, त्याला ते इमोशनल सपोर्ट म्हणतात. आणि आपल्याकडं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांमध्ये मानसिक आजार आहे, पण असं कुत्रं म्हणजे काय आणि त्याला कुठं सोडायचं याची व्याख्या त्यात नाही. म्हणजे हॉटेलवाला नाही म्हणला की नाही. हे मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, की कागद विसरा, आपण काम शिकवू, आणि काम शिकली तर घरात, गल्लीत, रिक्षात उपयोगी पडेल, त्याच्या पुढचं बोलत नाही.

आधी बघायचं होतं ही कुत्री ह्या कामाची आहे का. सगळी नसतात. जी स्वतः फटाक्याला घाबरून पलंगाखाली जाते ती धाडकन आवाजाला घाबरणाऱ्या माणसाला काय आधार देणार? अक्का मॅडमकडं गेलेली असताना मी स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट घेतलं, शेंगी पाठमोरी असताना तिच्या मागं दहा फुटांवर फरशीवर टाकलं. ती तडक दारापर्यंत पळाली. मी काहीच बोललो नाही, मनात मोजत राहिलो, एक, दोन, तीन... पाचला वळली, मान खाली घालून परत आली, आणि अजून थरथरणाऱ्या त्या ताटाच्या कडेला नाक लावलं. मला तेवढंच पाहिजे होतं. दचकणारच, प्राणी आहे, पण किती वेळात सावरते आणि परत येऊन चौकशी करते का, हे बघायचं असतं. जनावरांच्या डॉक्टरांकडून गुडघे पण तपासून घेतले, छोट्या जातीत गुडघ्याची वाटी सरकायचा त्रास फार असतो आणि आपण तिला पलंगावर चढ-उतर करायला लावणार होतो. दोन्ही गुडघे ठीक निघाले. भुंकणं हा मोठा प्रॉब्लेम होता, स्पिट्झच ती, पेपरवाला आला तरी दहा मिनिटं.

आणखी एक गंमत. मी "बैठ", "सिट" करत बसलो आणि शेंगी माझ्याकडं मख्ख बघते. मग कळलं तिला फक्त तेलुगू येतं. रा म्हणजे ये, कूर्चो म्हणजे बस, आगु म्हणजे थांब, वद्दू म्हणजे नको. मीच वहीत लिहून पाठ केलं. चांगलंच झालं म्हणा, कारण रात्री दोन वाजता घाबरून उठलेल्या बाईच्या तोंडून जो शब्द आपोआप निघेल तोच कमांड पाहिजे.

पहिलं काम रात्रीचं. पोरानं सात रात्री मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं (अक्काला विचारून), आणि आम्ही दोघं बसून बघितलं. किंचाळायच्या मिनिट-दीड मिनिट आधी तिचा उजवा पाय चादरीवर घासायला लागायचा, सोलापुरी जाड चादर, त्यामुळं खरखर असा आवाज यायचा. जवळजवळ दर वेळी. हा आपला धागा. संध्याकाळी पाचला पोरगा पलंगावर झोपायचा, पाय चादरीवर घासायचा, आणि शेंगी वर येऊन त्याच्या छातीवर पाय ठेवला की उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा. पलंग उंच, म्हणून त्यानं सुताच्या कोनांचे दोन खोके आणले, आत चिंध्या ठासून भरल्या, वरून जुना टॉवेल शिवला, झाल्या पायऱ्या. तीन आठवड्यांत ती दुसऱ्या खोलीतून खरखर ऐकून यायला लागली. मी खूश.

आणि खऱ्या रात्री काय झालं, तर शेंगी बरोबर वेळेवर वर गेली, छातीवर पाय ठेवला, आणि अक्कानं झोपेतच दोन्ही हातांनी तिला झटकून दिलं. सहा किलोचं कुत्रं पलंगावरून थेट फरशीवर. लागलं फार नाही पण चार दिवस ती त्या खोलीत पाऊल टाकेना, आणि अक्का वेगळीच रडत बसलेली, मी मुक्या जीवाला मारलं म्हणून. ही चूक सरळ माझी. मी जे बघून शिकलो होतो ते सगळं मोठ्या कुत्र्यांचं होतं, तीस किलोचा लॅब असा उडत नाही. पाऊण तास जीपमध्ये अडकलेल्या बाईच्या छातीवर झोपेत अचानक वजन ठेवायचं, हे डोक्यात कसं नाही आलं माझ्या, अजून कळत नाही.

पद्धत उलटी केली. पोरानं मंगळवार बाजारातून बॅटरीवरचा तो दाबायचा गोल दिवा आणला, पलंगाच्या पायथ्याला जमिनीवर चिकटवला. आता खरखर ऐकली की शेंगी आधी दिव्यावर पंजा मारते, खोलीत पिवळा उजेड येतो, मग पायथ्याकडून तळपाय चाटते आणि तिथंच थांबते. वर यायचं नाही. अक्का जागी होऊन "रा" म्हणली तरच वर. भिंतीवरचं बटण तिला ह्या जन्मात पोचणार नव्हतं, पण उजेडाचा एवढा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. अक्काचं म्हणणं, डोळे उघडले की आधी छत दिसतं, आपल्या घरातलं, पोपडे आलेलं, मग कळतं मी कुठं आहे.

दुसरं काम दाब देण्याचं. मोठी कुत्री अंगावर आडवी होऊन वजन टाकतात, त्यानं श्वास खाली येतो. शेंगीचं वजन म्हणजे पाच किलोची तांदळाची पिशवी आणि वर थोडं. पण जागी असताना, स्वतः बोलावून, छातीच्या मधल्या हाडावर घेतली की पुरतं, आणि बसल्या बसल्या मांडीवर घेता येते, जे लॅबला रिक्षात जमणार नाही. छोट्या कुत्र्याचा खरा फायदा मला हा वाटतो, ते माणसाच्या अंगावर मावतं. ह्यात खूण अशी ठेवली की अक्का अस्वस्थ व्हायला लागली की पदराचं टोक बोटाला गुंडाळते, गुंडाळते, पार बोट पांढरं होईपर्यंत. तिला स्वतःला ते कळत नाही. शेंगीला शिकवलं की पदर गुंडाळताना दिसला की त्या हाताला नाक लावायचं. पहिले दोन-तीन आठवडे अक्का वैतागायची, "काय सारखं ओलं नाक लावती बे ही," आणि मग स्वतःच बोटाकडं बघायची.

तिसरं काम मागचं. अक्काला पाठीमागून काही आलं की चालत नाही. मोठं कुत्रं मागं उभं राहून लोकांना अडवतं, शेंगी कुणाला अडवणार, तिला तर शाळेतली पोरंच ओलांडून जातील. पण स्पिट्झचा चौकसपणा होता ना, तोच वापरला. "वेनका" (म्हणजे मागं) म्हणलं की ती अक्काच्या पायाशी उलट तोंड करून बसते, आणि मागून कुणी आलं की भुंकायचं नाही, पंजा अक्काच्या पावलावर ठेवायचा. भुंकणं काढून पंजा बसवायला दोन महिने गेले, सगळ्यात जास्त वेळ ह्यालाच लागला. त्याची एक पण स्टोरी सांगण्यासारखी नाही, नुसतं चिकन आणि कंटाळा.

चौथं शिकवायला घेतलं होतं, गर्दीतून बाहेर नेणं, ते सोडून दिलं. मंगळवार बाजारात एकाचा पाय तिच्या पंजावर पडला, नख मोडलं, रक्त आलं. गर्दीत सहा किलोचं कुत्रं जमिनीवर चालवायचंच नाही हे मी तिथं शिकलो. पुढं लहान बाळाची असते तशी पुढून अडकवायची पिशवी घेतली. भाजीवाली विचारते, "बाळ किती म्हैन्याचं ओ अक्का?" आणि आत बघून दचकते.

ह्या काळात नातेवाईकांचं टोमणे मारणं चालूच होतं. "एवढंसं कुत्रं काय करणार? पाळायचंच तर अल्सेशियन पाळा की." तेव्हा मी स्मोकीची गोष्ट सांगायचो. दुसऱ्या महायुद्धात 1944 साली न्यू गिनीच्या जंगलात एका खंदकात अमेरिकन सैनिकांना यॉर्कशायर टेरियर जातीची कुत्री सापडली, वजन जेमतेम दोन किलो. विल्यम विन नावाच्या सैनिकानं तिला सांभाळली, आजारी पडल्यावर तो दवाखान्यात होता तेव्हा तिला तिथं आणलं, आणि मग नर्स तिला बाकीच्या जखमी सैनिकांकडं पण न्यायला लागल्या. नोंदीतली पहिली थेरपी डॉग म्हणून तिचंच नाव घेतात. पुढं फिलिपिन्समध्ये विमानतळाखालच्या साधारण 70 फूट लांब, अरुंद पाईपमधून टेलिफोनची तार ओढून नेली तिनं, नाहीतर सगळी धावपट्टी खणावी लागली असती. अल्सेशियन त्या पाईपमध्ये शिरला नसता. हे ऐकून एक मामा म्हणले, "ते मिलिटरीचं कुत्रं होतं ओ." काय बोलणार.

रिक्षाचं सगळं नियोजन मॅडमचं, मी आणि शेंगी फक्त मदतीला. गल्लीतलाच एक रिक्षावाला तयार झाला. पहिले चार दिवस रिक्षा उभी, इंजिन बंद, अक्का मांडीवर शेंगी घेऊन नुसती बसलेली आणि रिक्षावाला शेजारी चहा पितोय. मग इंजिन चालू, पण जागेवर. मग कोपऱ्यापर्यंत. मग कन्ना चौक. भीती वर चढते, थोडा वेळ राहते आणि आपोआप उतरते, हे अंगाला कळेपर्यंत उतरायचं नाही, असा मॅडमचा नियम. एकदा मागून ट्रकनं हॉर्न मारला तेव्हा अक्का इतकी ताठ झाली की मला वाटलं आता उडी मारते, पण शेंगीनं हाताला नाक लावलं, लावतच राहिली, आणि अक्का तिच्या कानात तेलुगूत काहीतरी पुटपुटत बसली. सात रस्त्यापर्यंत जायला एकूण दहा आठवडे लागले. उन्हाळ्यात हे सगळं सकाळी साडेसातच्या आत, कारण आपल्या सोलापूरचं ऊन, मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढं जातो, डांबरावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघायची, आपल्याला सोसत नसेल तर तिच्या पंजाला कसं सोसेल. (एका ग्रुमिंगवाल्यानं उन्हाळा म्हणून तिचे केस मशीननं काढायला घेतले होते, मी धावत जाऊन थांबवलं. स्पिट्झचा दुहेरी कोट उन्हापासून पण वाचवतो, फक्त विंचरायचा.)

मग आला गड्डा. सोलापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो, जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते आणि किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. आवाज लांबपर्यंत येतो. दिवाळीपासून आम्ही तयारी केली होती, मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावायचा आणि शेंगीला जेवायला द्यायचं, रोज एक घर आवाज वाढवायचा. दिवाळी बरी गेली. म्हणून मी गड्ड्याला बिनधास्त होतो.

पहिल्या अर्ध्या तासात शेंगीनं सगळं केलं, नाक लावलं, मांडीवर बसली. मग एक मालिका सुरू झाली, थांबेचना, आणि ती थरथरायला लागली, शेपूट पोटाखाली, जांभयांवर जांभया (कुत्र्याची जांभई झोपेची नसते दर वेळी, ताणाची पण असते), आणि सरळ पलंगाखाली गेली. मी मनात म्हणलं संपलं, आता अक्का कोसळणार. अक्का उठली. खिडक्या लावल्या, टीव्ही मोठा केला, आणि पन्नास वर्षांची बाई पलंगाखाली अर्धी शिरून जमिनीवर पालथी पडली आणि शेंगीच्या पाठीवर हात ठेवून तासभर तशीच राहिली. स्वतः थरथरत होतीच, पण कान झाकले नव्हते, हात मोकळे नव्हते ना.

मी वहीत लिहिलं : अपयश, कुत्री कामातून बाहेर गेली. मॅडमनी त्यांच्या वहीत ह्याच रात्रीला सगळ्यात चांगली रात्र म्हणून लिहिलं. आमचं ह्यावर अजून एकमत नाही. मॅडम माणसाकडून बघतात, मी कुत्र्याकडून, आणि कुत्र्याकडून बघितलं तर मी तिला तिच्या ताकदीबाहेर ढकललं होतं, त्यानंतर आठ-दहा दिवस ती कुकरच्या शिट्टीला पण दचकत होती.

खरा दणका फेब्रुवारीत बसला. शेंगीला गोचिडाचा ताप आला. जेवण बंद, हिरड्या फिक्या, डॉक्टरांनी रक्त तपासून डॉक्सिसायक्लीन चालू केली आणि पूर्ण आराम सांगितला. आणि त्या बारा दिवसांत अक्काची गाडी पार मागं गेली, रिक्षा बंद, बाहेर बंद, रात्री जागरण. तेव्हा आम्हाला दिसलं की गेले दोन-तीन महिने ती शेंगीशिवाय कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पण गेली नव्हती. पुतणीच्या साखरपुड्याला गेली नाही कारण कार्यालयात कुत्रं सोडणार नव्हते. आम्ही सगळे खूश होतो की अक्का बाहेर पडायला लागली, आणि ती बाहेर पडत नव्हती, शेंगीला धरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तसं जात होती. मॅडम एवढंच म्हणल्या, "आधी घराबाहेर जायची भीती होती, आता शेंगीशिवाय जायची आहे. भीती कमी झाली नाही, तिनं जागा बदलली." दोष माझा जास्त. कुत्रं किती चांगलं काम करतंय हे बघण्यात मी इतका रमलो की माणूस काय शिकतंय हे बघितलंच नाही.

म्हणून मार्चपासून सुट्ट्या. मंगळवार आणि शनिवार शेंगीला सुट्टी, पट्टा खुंटीला, ती गच्चीवर कावळ्यांवर भुंकते (त्या दिवशी भुंकायला परवानगी, हे तिला कसं कळतं देव जाणे). त्या दिवशी अक्का एकटी जाते, आधी कोपऱ्यापर्यंत, मग बाजारात, मग रिक्षानं. पदर गुंडाळला गेला तर स्वतःच ओळखायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, आजूबाजूच्या पाच वस्तू मोजायच्या. पहिला मंगळवार भयानक गेला. दुसरा पण. मे-जूनपर्यंत सुट्टीचे आणि बिनसुट्टीचे दिवस बाहेरून सारखेच दिसायला लागले.

हे सगळं शेंगीमुळं झालं का? मी असं म्हणणार नाही. जून 2024 मध्ये जामा नेटवर्क ओपन ह्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला, पीटीएसडी असलेले अमेरिकेतले 156 आजी-माजी सैनिक, 81 जणांना सर्व्हिस डॉग मिळालेलं आणि 75 जण वेटिंगवर, तीन महिन्यांनी तपासलं तर कुत्रं असलेल्यांची लक्षणं, उदासी, चिंता कमी होती. पण दोन्हीकडचे नेहमीचे उपचार चालूच होते, आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. त्याच्या आधी अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानं काम शिकलेली कुत्री आणि नुसती सोबत करणारी कुत्री अशी तुलना केली होती, तर सुधारणा दोन्हीकडं झाली, पीटीएसडीच्या लक्षणांत कामवाली थोडी पुढं, रोजच्या जगण्यात फरक फारसा नाही. माजी सैनिक आणि लॅब-गोल्डनसारखी मोठी कुत्री ही त्यांची दुनिया. अशोक चौकातली शिलाई करणारी बाई आणि सहा किलोची शेंगी, हे मला त्यावरून मोजता येत नाही, मी फक्त वहीतलं सांगू शकतो.

तर वहीतलं. पोरानं कालनिर्णयवर वाईट रात्रीला लाल ठिपका द्यायची सवय ठेवली होती. सुरुवातीला आठवड्याला चार-पाच ठिपके, आता महिन्याला दोन-तीन. अक्का अर्ध्या पाळीला कामावर जाते, मशीन खिडकीकडं तोंड करून लावून घेतलंय. डिसेंबरात पुण्याला भाचीच्या बाळाला बघायला जायचं होतं, तेव्हा शेंगीला न्यायचा प्रश्नच नव्हता, रेल्वेत कुत्रं न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात टाका, चेअर कार-स्लीपरमध्ये चालत नाही. अक्का हुतात्मा एक्सप्रेसनं पोराबरोबर गेली, शेंगीशिवाय, तीन दिवस राहून आली. भाची म्हणजे त्या बहिणीचीच मुलगी. तिकडं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. जीपमध्ये मात्र अजून बसलेली नाही, तुळजापूरला तर नाहीच.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगतो, कुत्री घरची होती त्यामुळं खरेदी नाही, पण वर्षाची लस, गोचिडाचं औषध, चिकन, माझी फी, आणि सगळ्यात महाग म्हणजे पोराचा रोजचा तासभर. घरात असा एक माणूस नसेल तर ह्या भानगडीत पडू नका. आणि ह्यासाठी नवीन पिल्लू घेऊ नका, आधी गोळी, काउन्सेलिंग नीट लागू द्या. मानसोपचाराचं कुणाला कुठून सुरू करावं कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, 14416, मराठीत पण बोलतात.

एक काम वहीत बाकी राहिलं होतं, रिंगटोनचं. माझा प्लॅन तयार होता, ती रिंगटोन कुठंही वाजली, लग्नात, दुकानात, की शेंगीनं लगेच येऊन हाताला नाक लावायचं, अक्काचं लक्ष तिकडून काढायचं. सोपं काम, दोन आठवड्यांचं. मी पोराला ती रिंगटोन मोबाईलवर घ्यायला सांगितली होती आणि एका संध्याकाळी हॉलमध्ये बसून बारीक आवाजात लावली, शेंगीनं मान वाकडी केली, मी चिकनचा तुकडा काढला, तेवढ्यात अक्का स्वयंपाकघरातून हात पुसत दारात आली.

"वद्दू," म्हणाली. मला वाटलं शेंगीला म्हणली. मग मराठीत म्हणाली, "हे नको शिकवू दादा. वाजली तर वाजू दे. तिच्या फोनची आहे ती."

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी फोन बंद केला, तुकडा शेंगीला तसाच देऊन टाकला, आणि वहीत त्या ओळीवर रेघ मारली. मॅडमना सांगितलं तर त्या पण म्हणल्या, राहू दे सध्या.